नवस, स्टेप्स आणि झोपलेला मारुती

कामांच्या याद्या करायचा मला भारी नाद. फोनमध्ये त्यासाठी तीन ॲप्स आहेत, आणि चौथं आहे ते या तिघांची आठवण करून द्यायला! आईचं मात्र सगळं भिंतीवरच्या कालनिर्णयात. दुधाचे खाडे, गॅसची तारीख, बाबांच्या गोळ्या... 1973 पासून निघणाऱ्या त्या दिनदर्शिकेला ना चार्जिंग लागत, ना पासवर्ड. वर्ष संपलं की राहिलेली कामं नव्या कालनिर्णयात उतरवायची, झालं.

त्यातली एक नोंद गेली चार वर्षं चैत्र पौर्णिमेच्या चौकोनात मुक्काम ठोकून होती. 'भद्रा मारुती. पायी.'

बाबांच्या बायपासच्या वेळी बोललेला नवस. बाबा ठणठणीत झाले आणि आईचे गुडघे गेले. तेव्हापासून बाबांना साधी धाप लागली तरी तिची नजर त्या चौकोनाकडे. आम्ही हसायचो. ती हसायची नाही.

इकडच्या नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. खुलताबादचा भद्रा मारुती निद्रिस्त आहे, चक्क आडवा. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरहून हजारो माणसं तिथे चालत जातात. अंतर साधारण 25 किलोमीटर. यंदा आईने फर्मान काढलं, "नवस माझा, पाय तुझे."

निघालो. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, मग दौलताबादचा किल्ला आणि पुढे घाट. वाटेत ठिकठिकाणी चहा, फराळ आणि 'जय श्रीराम'. गंमत म्हणजे दर दहा माणसांमागे चारजण मनगटावरच्या घड्याळात स्टेप्स बघत होते. पुण्य आणि कॅलरीज, दोन्ही एकाच खात्यात! घाट चढल्यावर कागजीपुरा लागतं. हातकागद बनवण्यासाठी कित्येक शतकं नावाजलेलं गाव. म्हणजे याद्या करणाऱ्यांची पंढरीच की :)

हिशेबी माणसांशी खुलताबादचं नातं तसं जुनंच. 1707 साली वारलेल्या औरंगजेबाची कबर इथेच आहे, उघड्या आभाळाखाली. त्याचं मृत्युपत्र म्हणून जे सांगितलं जातं, त्यात टोप्या शिवून मिळवलेल्या चार रुपये दोन आण्यांचा उल्लेख आहे. त्यातूनच कफन घ्या म्हणे. एवढं राज्य केलं आणि शेवटी हिशेब चार रुपये दोन आण्यांचा! आईला हे सांगितलं तर तिला त्यात नवल असं काही वाटलंच नाही. "मग? देणं ते देणं."

पहाटे रांगेतून आईला फोन लावला. फोनने 36,000 च्या वर पावलं दाखवली होती, ती मी अभिमानाने सांगितली.

"ती माझ्या फोनवर पाठवता येतील का रे?"

मागून बाबांचा आवाज, "अगं, मारुती झोपलाय. कोण मोजतंय?"

"झोपलाय म्हणजे ऐकत नाही असं थोडंच आहे? भद्रसेन राजाचं रामभजन ऐकता ऐकताच आडवा झालाय तो."

यावर कुठल्याही कस्टमर केअरकडे उत्तर नसावं. स्टेप्स दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण रांगेत उभं राहून तिला तसं सांगवेना. "आल्यावर बघू," म्हटलं. दर्शन झालं, नारळ-प्रसाद घेऊन एसटीने परत आलो.

आईने प्रसाद देवापुढे ठेवला, चष्मा लावला आणि कालनिर्णयापाशी गेली. मला वाटलं, आता सुटलो, फुली पडणार. तिने बारीक अक्षरात लिहिलं : 'मुलाने केलं. माझं बाकी.'

"आता आणखी काय बाकी, आई?"

"असू दे. बाकी असली की तो लक्ष ठेवतो."

बाबा काहीच बोलले नाहीत. एरवी त्यांनी एवढी संधी सोडली नसती. उठले आणि तिच्या गुडघ्याचं तेल गरम करायला ठेवलं.