दोन रकाने

शालेय क्रीडा स्पर्धांचे प्रवेशअर्ज भरायचं काम आमच्या शाळेत दरवर्षी माझ्याकडे येतं. मी शिकवते विज्ञान. पण उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी कागदपत्रं बिनचूक भरणारी म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. खेळाडूचं नाव, जन्मतारीख, जनरल रजिस्टरचा क्रमांक, वयोगट १४, १७ की १९, आणि मुलगा की मुलगी. शेवटच्या प्रश्नाला रकाने दोनच. या दोन रकान्यांवरून अमेरिकेत शाळा, कोर्टं आणि विधानसभा ढवळून निघाल्याची बातमी मोबाईलवरून आमच्या स्टाफरूममध्ये आली, तेव्हा एक सहकारी म्हणाले, "बाजी, ये सब बडे लोगों के चोचले हैं. हमारी बच्चियों को पहले मैदान तो मिले."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमचं मैदान म्हणजे इमारतीमागची एक पट्टी. मधल्या सुट्टीत ती मुलांची. मुलींचा सराव शाळा सुटल्यावर, आणि तोही मगरिबच्या अजानआधी संपवायचा, कारण त्यानंतर घरून कोणी ना कोणी शोधत येतं. तरीही मला हा वाद परका वाटत नाही. त्यात दोन प्रश्न आहेत. मुलींना न्याय म्हणजे काय, हा एक. आणि जे मूल कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही त्यानं कुठं जायचं, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न आमच्या शाळेच्या दारातच उभे आहेत.

आधी वाद काय ते सांगते. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंदलेलं, पण स्वतःला मुलगी मानणारं आणि मुलगी म्हणून जगणारं मूल शाळेच्या मुलींच्या संघातून खेळू शकतं का? नको म्हणणाऱ्यांना वेड्यात काढण्याचं कारण नाही. मुलींचे सामने वेगळे ठेवले गेले ते शरीर पाहूनच. लहानपणी मुलामुलींच्या धावण्यात फरक थोडा असतो. वयात येताना टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मुलग्याची उंची, स्नायू, हाडं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन वाढवतं. वरच्या पातळीवर धावण्याच्या शर्यतीत पुरुष आणि स्त्रिया यांच्यात १० ते १२ टक्क्यांचं अंतर पडतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात २०१७ ते २०१९ या काळात दोन ट्रान्सजेंडर धावपटूंनी शालेय मुलींच्या अनेक शर्यती जिंकल्या, आणि २०२० मध्ये त्यांच्याबरोबर धावणाऱ्या मुली कोर्टात गेल्या. त्या मुलींची तक्रार मला शिक्षिका म्हणून कळते. आमच्याकडे राज्य पातळीवर खेळलेल्या मुलीला दहावीला वाढीव गुण मिळतात. पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत. विडी वळणाऱ्या बाईच्या लेकीसाठी ते प्रमाणपत्र म्हणजे घराबाहेरची वाट आहे. ती वाट कोणी चुकीच्या हक्कानं अडवली तर मी गप्प बसणार नाही.

जागतिक अॅथलेटिक्स संघटनेनं मार्च २०२३ मध्ये निर्णय घेतला की पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्सजेंडर स्त्रियांना स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत धावता येणार नाही. पदकाच्या, पैशाच्या आणि विक्रमाच्या पातळीवर असा नियम का लागतो, हे मी समजू शकते. पण शाळा ही ऑलिंपिक नव्हे. शाळेत मूल खेळतं ते हरायला, जिंकायला, चार जणांत मिसळायला आणि आपल्या अंगाची भीती जायला. तिथं नियम करताना हात जरा जपून चालवावा लागतो.

अमेरिकेच्या युटा राज्यात हा हात कसा चालला ते पाहण्यासारखं आहे. मार्च २०२२ मध्ये तिथल्या विधानसभेनं ट्रान्सजेंडर मुलींना मुलींच्या खेळांत बंदी करणारा कायदा केला. राज्यपाल स्पेन्सर कॉक्स हे रिपब्लिकन, म्हणजे बंदी मागणाऱ्यांच्याच पक्षाचे. त्यांनी कायदा परत पाठवला आणि कारण आकड्यांत दिलं. राज्यात शालेय खेळ खेळणारी मुलं ७५,०००. त्यांतली ट्रान्सजेंडर मुलं ४. मुलींच्या संघात खेळणारी ट्रान्सजेंडर मुलगी १. विधानसभेनं त्यांचा नकार बाजूला सारून कायदा मंजूर केला.

पुढं जे घडलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच राज्यात एका स्पर्धेत एक मुलगी बऱ्याच अंतरानं पहिली आली. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या मुलींच्या पालकांनी तक्रार केली की ही मुलगी आहे याची खात्री करा. क्रीडा संघटनेनं तिच्या घरच्यांना न कळवता शाळेचे कागद काढले, थेट बालवाडीपर्यंत मागं गेले. प्रत्येक कागदावर ती मुलगीच होती. ती जन्मापासून मुलगीच होती. तिचा गुन्हा एवढाच की ती जिंकली आणि पराभूत मुलींच्या आईबापांना ती पुरेशी मुलगी दिसली नाही. आयडाहो राज्यानं २०२० मध्ये केलेल्या कायद्यात तर वाद उपस्थित झाला की मुलीच्या शरीराची डॉक्टरी तपासणी, संप्रेरकांची तपासणी किंवा जनुकांची तपासणी, असे मार्ग लिहूनच ठेवले होते. बंदी एका मुलासाठी येते; दाखला मात्र सगळ्या मुलींकडे मागितला जातो.

आपल्या देशानं हे आधीच पाहिलंय. तमिळनाडूची शांती सौंदरराजन, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची मुलगी. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्यपदक तिनं मिळवलं आणि लिंगतपासणीनंतर ते काढून घेतलं गेलं. बातमी देशभर झाली. तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला, आणि नंतर तीही वीटभट्टीवर काम करताना दिसली. ओडिशाची द्युती चंद विणकराच्या घरातली. २०१४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तिच्या शरीरात नैसर्गिकपणे टेस्टोस्टेरॉन जास्त आहे म्हणून तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळलं. ती लढली. २०१५ मध्ये क्रीडा लवादानं तो नियम स्थगित केला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिनं दोन रौप्यपदकं आणली. या दोघींपैकी कोणीही ट्रान्सजेंडर नव्हती. दोघी मुली म्हणून जन्मल्या, मुली म्हणून वाढल्या. पण संशयाला हा फरक कळत नाही.

तालुक्याच्या मैदानावरही हा संशय पोचतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या चौदा वर्षांखालच्या कबड्डी संघात आठवीतली एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. उवा झाल्या म्हणून आईनं केस बारीक कापलेले, आवाज घोगरा, दंड भरलेले. बापाच्या पिठाच्या गिरणीत ती पोती उचलायची. तिच्या दोन चढायांत समोरचे पाच गडी गेले. मध्यंतरात त्या संघाबरोबर आलेले एक गृहस्थ पंचांकडे गेले. "हे पोरगं आहे. तपासून घ्या." मी जन्मदाखला काढला, आधार कार्ड काढलं. ते म्हणाले, "कागद काय, कुठूनही होतात. कोणीतरी बाईमाणूस आत नेऊन बघू दे." ते 'बाईमाणूस' म्हणताना त्यांनी माझ्याकडेच पाहिलं. मी सांगितलं, माझ्या मुलीला कोणी हात लावणार नाही, मीही नाही. पंच समजूतदार होते. त्यांनी दाखला पाहिला आणि सामना पुढं सुरू केला. मैदानाच्या कडेला बसलेली पोरं मात्र तोपर्यंत ओरडायला लागली होती. काय ओरडत होती ते आपण सगळे जाणतो. त्यानंतर ती एकदाही चढाईला गेली नाही. आम्ही सामना हरलो. पुढच्या वर्षी तिनं केस वाढवले आणि खेळ सोडला. तिचा बाप मला म्हणाला, "मॅडम, बेटी की शादी करनी है. ऐसा नाम लगा तो कौन पूछेगा?"

त्या दिवशी त्या मैदानावर ट्रान्सजेंडर मूल एकही नव्हतं. तरी एक मुलगी गेली.

शालेय खेळात लबाडी होत नाही असं मी म्हणत नाही. होते, आणि ती वयाची असते. सतरा वर्षांचा मुलगा चौदाच्या गटात घुसवतात, जन्मतारखा बदलतात. त्याला उपाय आहेत. कागद तपासता येतात, मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढता येतं. कबड्डीत तर वजनकाटाही असतो, कारण चौदा वर्षांच्या दोन मुलींपैकी एक वयात आलेली असते आणि दुसरी अजून बाळ असते. म्हणजे शरीरांत फरक असतात हे खेळाला आधीपासून ठाऊक आहे. वजनकाट्यावर सगळ्याच उभ्या राहतात, म्हणून तिथं कोणाची बेइज्जती होत नाही. एकट्या पोरीला बाजूला काढून "तू मुलगी आहेस का?" विचारणं ही वेगळी गोष्ट आहे.

आता दुसरा प्रश्न. आमच्याकडे एक मूल होतं, रजिस्टरमध्ये मुलगा. मुलींबरोबर लंगडी खेळायचं, आणि त्यात त्याला कोणी धरू शकत नसे. वर्गातली मुलं त्याला जे म्हणत ते मोहल्ल्यातली मोठी माणसंही म्हणत. नववीत त्याचं येणं बंद झालं. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आई आली. दाखला हातात घेऊन तिनं विचारलं, "इसमें लडका ही लिखा है ना?" मी हो म्हटलं. मग जाता जाता म्हणाली, "खेलने का बहोत शौक था उसकू." अमेरिकेत वाद चाललाय तो संघात असलेल्या मुलांचा. आमच्याकडची अशी मुलं संघापर्यंत येतच नाहीत. शाळेच्या फाटकाबाहेरच त्यांचा निकाल लागतो.

सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या नागरिक म्हणून असलेल्या हक्कांना मान्यता दिली. २०२१ मध्ये एनसीईआरटीनं ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं यावर शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली. ओरड झाल्यावर ती काही दिवसांत संकेतस्थळावरून उतरवली गेली. माझ्या बी.एड.च्या अभ्यासक्रमात या मुलांबद्दल एक ओळ नव्हती. म्हणजे शिक्षकाच्या हातात काय उरलं? त्याची स्वतःची माणुसकी, बस.

आपल्यात कोणी म्हणेल, दीन याला परवानगी देतो का? मी आलिमा नाही. पण बाराव्या शतकातल्या 'हिदाया' या हनफी ग्रंथाचा शेवटचा भाग 'खुन्सा'वर आहे, म्हणजे ज्याचं शरीर धड पुरुषाचंही नाही आणि स्त्रीचंही नाही अशा माणसावर. त्याचा वारसाहक्क काय, त्यानं नमाजला कुठं उभं राहायचं, याचा विचार फुकहांनी केला. आधी पुरुष, मग मुलगे, मग खुन्सा, मग स्त्रिया, अशा सफा त्यांनी सांगितल्या. शरीरानं आंतरलिंगी असणं आणि मनानं ट्रान्सजेंडर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीबद्दल आलिमांची मतं एक नाहीत. पण एवढं तर दिसतं की ज्याला रकाना नव्हता त्याला मशिदीबाहेर काढावं असं त्या बुजुर्गांना सुचलं नाही. त्यांनी सफ वाढवली.

नियमाच्या नावाखाली मैदानाबाहेर काढलं जाणं आपल्या मुलींनाही नवं नाही. जून २०११ मध्ये जॉर्डनमध्ये इराणच्या मुलींना डोक्यावरच्या रुमालापायी ऑलिंपिक पात्रतेचा फुटबॉल सामना खेळू दिला नाही. कारण सांगितलं सुरक्षिततेचं. २०१४ मध्ये फिफानं तो नियम बदलला. रुमालानं खेळाचं काहीच बिघडत नव्हतं, हे कळायला मध्ये तीन वर्षं गेली, आणि त्या मुलींचं ऑलिंपिक गेलं ते गेलंच. ज्यांनी हे सोसलंय त्यांनी तरी दुसऱ्याच्या लेकराला फाटक दाखवताना दोनदा विचार करावा.

माझं म्हणणं साधं आहे. वयात येण्याआधीच्या मुलांना खेळू द्या, ज्या घोळक्यात ती आनंदानं खेळतात त्यात. मोठ्या गटात गुण, प्रमाणपत्र आणि निवड यांचा प्रश्न येतो तिथं नियम असावा; तो आधी लिहिलेला असावा, सगळ्यांना सारखा असावा, आणि शरीरशास्त्र जाणणाऱ्यांनी ठरवावा. हरलेल्या संघाच्या आरडाओरड्यावर कोणत्याही मुलीची झडती होऊ नये. आणि ज्या मुलाला निवडीच्या सामन्यात जागा देता येणार नाही, त्याला शाळेच्या रोजच्या खेळातून हाकलू नये.

यंदाचे अर्ज पुढच्या आठवड्यात द्यायचे आहेत. रकाने दोनच आहेत, ते वाढवणं माझ्या हातात नाही. मैदानाच्या कडेला उभं राहून कोणाला काय ओरडू द्यायचं, एवढं माझ्या हातात आहे.