बिस्किटाच्या डब्यातलं करावे

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी वाचा.

आमच्या करावे गावात मला 'डबडेवाला' म्हणतात. राग नाही. वरच्या खोलीत एक ३८६, दोन ४८६, एक पहिला पेंटियम, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि सुट्या भागांची सात खोकी, एवढं सामान बघितल्यावर दुसरं नाव कोण ठेवणार? गणपतीत पाहुणे येतात तेव्हा ही सगळी मंडळी माळ्यावर जातात आणि अनंत चतुर्दशीनंतर खाली येतात. बायको म्हणते, गौरी दोन दिवसांत जातात, तुझ्या ह्या काही जात नाहीत.

सत्तावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा केला, ऑफिसांच्या मेंटेनन्सची कंत्राटं घेतली. आता धंदा बंद, पण हात गप्प बसत नाहीत. त्यामुळे जुनी मशीन्स उघडायची, धुवायची, पुन्हा चालू करायची हा उद्योग.

लोकांना वाटतं हे जुन्या गाड्या पुसण्यासारखं असतं. थोडं आहेही. माझ्याकडे पुण्यात बनलेला एक डीबी स्पेक्ट्रम आहे. डेसिबेल्स नावाच्या कंपनीने ऐंशीच्या दशकात इंग्लंडच्या सिंक्लेअरचा परवाना घेऊन तो इथे विकला. टीव्हीला जोडायचा, प्रोग्राम कॅसेटवरून चढवायचा, मेमरी ४८ केबी. आज व्हॉट्सअॅपवर येणारा एक 'सुप्रभात' फोटो त्यात मावणार नाही. तो मी निव्वळ प्रेमाने ठेवलाय, त्याचा कोणाला काही उपयोग नाही हे कबूल करतो.

पण आज जे सांगायचंय ते प्रेमाचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या आळीतले एक काका डबा घेऊन आले. नाव देत नाही, गावातले ओळखतीलच. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत १४ फ्लॉप्या. मोठ्या, सव्वापाच इंची, हातात धरल्या की वाकणाऱ्या. म्हणाले, "तुझ्या मशीनीवर ह्या चालतील का रं? यान आपल्या गावाची नावां हान."

गोष्ट अशी. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ ला झाली. त्याच सुमारास काका आणि त्यांचे दोन मित्र गावठाणात घरोघर फिरले. कुटुंबप्रमुख कोण, माणसं किती, घर कधी बांधलं, ओटी-पडवी किती, मागे गोठा आहे का. आधीच सिडकोसाठी ९५ गावांची जमीन गेलेली, १९८४ च्या आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेलेली, त्यामुळे पोरांना एवढं कळत होतं की आपली यादी आपल्याकडे असावी. एका मित्राला वाशीत कॉम्प्युटरचं काम मिळालं होतं. साहेब घरी गेले की रात्री बसून त्याने ती सगळी यादी मराठीत टाइप केली. पुढे तो मित्र वारला. कागदांचा गठ्ठा २६ जुलै २००५ च्या पावसात भिजून लगदा झाला. राहिला हा डबा.

काकांना तो आता का आठवला, ते नवी मुंबईतल्या गाववाल्यांना सांगायला नको. गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न. कोणतं घर कधीपासून उभं आहे याला पुरावा काय, ह्यावर दर घरात एक पिशवी भरून कागद आहेत आणि तरी एक कागद कमीच पडतो. काकांचा हिशेब सरळ होता. कॉम्प्युटर प्रत्येक फायलीवर तारीख टाकतो. ती तारीख दाखवायची.

मी म्हटलं, बघतो.

आधी ड्राइव्ह. सव्वापाच इंची ड्राइव्ह नवा मिळत नाही. माझ्याकडचा फार वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवर एका ढिगातून उचललेला, तेव्हा दुकानदार हसला होता. नंतर मशीन. ३८६ च्या बोर्डावर घड्याळ चालू ठेवायला एक निळी, नळकांड्यासारखी बॅटरी असते. ती जुनी झाली की फुटते आणि आतला क्षार बोर्डावर पसरतो. तांब्याच्या बारीक रेघा हिरव्या होऊन खाल्ल्या जातात, आणि कीबोर्डची जोडणी शेजारीच असल्यामुळे पहिला मरतो तो कीबोर्ड. माझ्याही बोर्डाचं तेच झालेलं. बॅटरी कापून काढली, क्षार मारायला व्हिनेगरने घासलं, मग पाणी, मग अल्कोहोल, दोन दिवस उन्हात. तुटलेल्या चार रेघांच्या जागी केसाएवढ्या तारा डाखल्या. पाम बीच रोड ओलांडला की खाडी, त्या हवेत आमच्याकडे खिळाही वर्षभर टिकत नाही, तिथे हे बोर्ड टिकतात हेच नवल.

(जाता जाता: हे वाचून कोणी जुना काचेचा मॉनिटर उघडायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही नळीत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. बोर्डाशी खेळा, मॉनिटरशी नको.)

फ्लॉप्यांवर बुरशी होती. पांढरे ठिपके, जुन्या लोणच्यावर येतात तसे. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी डोक्याला चिकटते आणि पुढच्या फ्लॉपीवर ओरखडे उमटतात. म्हणून कव्हर एका बाजूने कापायचं, आतली तबकडी हलक्या हाताने काढायची, अल्कोहोलने पुसायची, स्वच्छ कव्हरात घालायची, एकदाच वाचायची आणि ड्राइव्हचं डोकं पुन्हा साफ करायचं. एका फ्लॉपीला एक संध्याकाळ. ड्राइव्ह आणि आजचा लॅपटॉप यांच्यामध्ये ग्रीझवीझल नावाचं एक छोटं सर्किट लावतात. ते फायली वाचत नाही, चुंबकाचे ठोके जसेच्या तसे उतरवून घेतं. अर्थ नंतर लावायचा.

१४ पैकी ९ पूर्ण उतरल्या, ३ अर्ध्यामुर्ध्या, २ नाहीच.

आणि उघडल्यावर काय दिसलं? उभ्या रेघा, कोपरे, चौकटीचे तुकडे. कोणीतरी डॉसच्या खिडक्या फोडून ढीग केल्यासारखं. काका माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "गेलं ना?"

मलाही क्षणभर वाटलं गेलं. मग आकडे बघितले. पहिल्या ओळीत १७९, २०७, २१८, २१२, २२५.

जुन्या काळी मराठीत डीबेस किंवा वर्डस्टार चालवायचं तर मशीनमध्ये जिस्ट नावाचं कार्ड बसवत. आयआयटी कानपूरला त्याची सुरुवात झाली, पुढे पुण्याच्या सी-डॅकने ते वाढवलं. त्यातली अक्षरं इस्की नावाच्या भारतीय प्रमाणाने साठवली जात. त्या कोष्टकात १७९ म्हणजे क. २०७ र. २१८ काना. २१२ व. २२५ मात्रा.

करावे.

काकांना वाचून दाखवलं तर ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले. माझ्या मुलीने मग चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि सगळं युनिकोडमध्ये आलं. हे इतकं सोपं जाण्याचं कारण असं की युनिकोडमधली देवनागरी इस्कीच्याच क्रमावर बेतलेली आहे.

इथे एक गंमत सांगतो, आणि ती गमतीची नाही. ह्याच्यानंतरच्या, म्हणजे विंडोज आल्यावरच्या मराठी फायली ह्यापेक्षा अवघड आहेत. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या फॉन्टने आपापली मांडणी केली. इंग्रजी अक्षराच्या जागी कुठे अर्धा श, कुठे नुसता काना. ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधी टाइप व्हायची. तो नेमका फॉन्ट नसेल तर फाईल म्हणजे कचरा. काही सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टात लावायचं एक कुलूप असायचं, ते नसेल तर प्रोग्राम उघडतही नाही, आणि तो पोर्ट आजच्या लॅपटॉपला नसतो. १९९२ ची यादी मी वाचू शकलो. २००१ सालचा आमच्याच आळीतल्या एका लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर अजून वाचता आलेला नाही. आता विचार करा, त्या दहा-पंधरा वर्षांत किती ठराव, किती नोंदी, किती याद्या अशा फॉन्टात टाइप झाल्या असतील.

मला हे बोलायचा अधिकार कमी आहे, तेही सांगून टाकतो. कंत्राटं घ्यायचो तेव्हा एका कार्यालयाची चाळीसेक जुनी मशीन्स मीच टेंपोत चढवली. कुठलं ते विचारू नका. हार्ड डिस्क काढून त्यांना भोकं पाडा, असा हुकूम होता. माहिती बाहेर जाऊ नये म्हणून, आणि तो हुकूम बरोबरच होता. मी भोकं पाडली, बिल लावलं. पंधरा दिवसांनी तिथल्या बाईंचा फोन. "अहो दादा, ते जुनं रजिस्टर फॉक्सप्रोमध्ये होतं ना, ते नव्या मशीनवर कुठे टाकलंय?" कुठेच टाकलं नव्हतं. त्यांनी मला सांगितलं नव्हतं, मी त्यांना विचारलं नव्हतं. ड्रिल माझ्या हातात होतं.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या, उघड्यावर तारा जाळू नका, आणि हे झालंच पाहिजे. बोर्डाच्या डाखात शिसं असतं, जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये तर किलोच्या हिशेबात. तारा जाळून तांबं काढताना सुटणारा धूर मी छातीत घेतलाय, त्याची बाजू मी घेणार नाही. दहातली नऊ जुनी मशीन्स भंगारच आहेत. भंगारात जाऊ द्या. माझ्यासारखी खोली प्रत्येकाने भरावी असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण मशीन वजनकाट्यावर चढायच्या आधी कोणीतरी विचारायला हवं की ह्यावर असं काय आहे जे दुसरीकडे उघडत नाही. हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. पालिकेपासून पतपेढीपर्यंत, सोसायटीपासून देवस्थानापर्यंत, जिथे जिथे जुनी मशीन्स निघतात तिथे एक माणूस आणि एक दिवस लागतो.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक चालू झाला. आपल्या देशात बनलेला पहिला मोठा संगणक, २,७०० व्हॅक्यूम नळ्यांचा. त्याचं नाव इतिहासात आहे, असायलाच हवं. करावे गावची यादी कुठल्या इतिहासात येणार नाही. ती आपणच ठेवली तर राहील.

तर काकांची तारीख. सगळी फायली उघडल्यावर मी तारखांचा रकाना बघितला. १ जानेवारी १९८०. पुढची फाईल, १ जानेवारी १९८०. अकरा फायलींवर तीच तारीख.

ज्या मशीनवर टाइप केलं त्याची घड्याळाची बॅटरी मेलेली होती. बॅटरी मेली की डॉस रोज सकाळी १९८० सालात उठतो, कारण त्याचं कॅलेंडरच तिथून सुरू होतं. तारीख हाताने टाकायची असते, आणि रात्री चोरून बसलेला पोरगा ती कशाला टाकेल? बरं, बरोबर तारीख असती तरी मी काकांना खोटी आशा दिली नसती. ती कोणीही बदलू शकतो, एका ओळीचं काम आहे. कागद म्हणून ती उभी राहील असं मला वाटत नाही. वकिलांना विचारा म्हटलं.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "नावां तरी वाच."

वाचली. रकाना २५ खणांचा होता आणि इस्कीत एका जोडाक्षराला तीन खण लागतात, त्यामुळे लांब नावं शेवटी तुटलेली. कितीतरी म्हात्रे 'म्हात्' वर थांबलेत. पण कळतं. प्रत्येक नावाला काका मान हलवत होते आणि मधूनच बोट वर करत होते, म्हणजे हा गेला. शेवटी शेवटी बोट खाली येईना.

आमच्या घराची ओळ आली. माणसं ११. आज आम्ही ४. घर बांधल्याचं साल, कोरं. पुढे शेऱ्याच्या रकान्यात त्या मुलाने लिहिलंय: 'आजी म्हणते तिच्या लग्नाआधीचं.'

माझी आजी. तिने ओटीवर बसून त्या पोरांना हे सांगितलं असणार, बहुतेक चहाही पाजला असणार. तिचा आवाज कुठे नाही, फोटो दोन आहेत. आणि हे एक वाक्य, ते काढायला चार तारा आणि एक बाटली अल्कोहोल लागलं.

यादीच्या तीन प्रती छापल्यात. एक काकांकडे, एक माझ्याकडे, एक तिसऱ्या आळीत. पेन ड्राइव्हवरही आहे, पण त्याचा मला डॉसच्या घड्याळाइतकाच भरवसा. कोणाला आपल्या घराची ओळ बघायची असेल तर संध्याकाळी सातनंतर या. यादी इथे टाकणार नाही, लोकांच्या घरची माहिती आहे. कोणाच्या माळ्यावर जिस्टचं कार्ड, सव्वापाच इंची ड्राइव्ह किंवा प्रिंटर पोर्टात लावायचं ते जुनं कुलूप पडलं असेल तर भंगारवाल्याच्या आधी मला निरोप द्या. भंगारवाला देतो तेवढे पैसे मी देईन, वर चहा.

दोन फ्लॉप्या अजून बाकी आहेत. एकीच्या लेबलवर बॉलपेनने लिहिलंय, 'होड्या + जाळी'. बुरशीने नेमका सुरुवातीचा भाग धरलाय, जिथे बाकी सगळं कुठे आहे ते लिहिलेलं असतं. पावसाळ्यात तिला हात लावणार नाही, हवेतला ओलावाच तिला खाईल. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की उघडीन. तोवर ती तांदळाच्या डब्यात आहे, आणि काका सकाळी दूध आणायला जाताना खालूनच हाक मारतात, "सुकली का रं?"