अदिस अबाबात घड्याळ कसे लावावे?

हल्ली खेड्यापाड्यांतली मुलेही नोकरीसाठी आफ्रिकेत निघतात. इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, मी थोरल्या मुलाकडे चार महिने राहून आलो. तेव्हापासून आईबाप मला विचारतात, "साहेब, पोराला तिथं खायला काय मिळंल?" मी म्हणतो, खाण्याचे नंतर बघू, आधी घड्याळाचे समजून घ्या.

तिथे तास मोजतात ते दिवस उगवल्यापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. मुलाच्या शेजारच्या एका नवख्या शिक्षकाला घरमालकाने तीन वाजता बोलावले. हा गडी दुपारी तीनला गेला. तोवर सहा तास उलटून गेले होते आणि खोली दुसऱ्याला गेली होती. पुढे महिनाभर बिचारा लॉजचे भाडे भरत राहिला. विमानाच्या तिकिटावर मात्र आपल्यासारखीच वेळ असते. म्हणून दरवेळी विचारून घ्यावे, "तुमचे तीन की परदेशी तीन?" सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्या आपल्या आज्याला हे चटकन उमगले असते!

वर्षही तेरा महिन्यांचे. बारा महिने तीस दिवसांचे, तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. सन आपल्यापेक्षा सात-आठ वर्षे मागे चालतो. तेव्हा भाड्याच्या करारावर जुना सन दिसला म्हणून घाबरू नये.

हे शहर कळसूबाईच्या शिखरापेक्षाही सुमारे सातशे मीटर उंचावर आहे. पहिले काही दिवस जिना चढताना धाप लागते. पाऊस आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर, पण ऐन जुलैत स्वेटर लागतो. उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही, कुकर हवाच.

आता खाणे. टेफ नावाचे धान्य राजगिऱ्याहूनही बारीक. त्याचे पीठ आंबवून 'इंजेरा' करतात, आपल्या आंबोळीची मोठी बहीणच म्हणा. एकाच ताटात सगळे जेवतात. शाकाहारी माणसाने बुधवार-शुक्रवार लक्षात ठेवावेत. ईस्टरनंतरचे पन्नास दिवस सोडले तर त्या वारी ख्रिस्ती लोकांचा उपास असतो आणि खाणावळीत मांस, दूध, लोणी नसलेले जेवण हमखास मिळते. त्यात 'शिरो' मागवावा. नावावरून गोड वाटेल, पण ते निघते हरभऱ्याच्या पिठाचे झणझणीत पिठले!

बाजारात 'नूग' म्हणून काळे बी विकायला होते. हातावर घेऊन पाहिले तर आपले कारळे! सूनबाईंनी लसूण-मिरची घालून चटणी कुटली आणि वाटीभर शेजारीही पाठवली.