हाताला कळणारी कळ

जुन्या फियाटच्या मालकाला डोळे मिटून गाडीतल्या सगळ्या कळा दाखवता येत. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या प्रीमियर पद्मिनीत कळा होत्याच किती म्हणा! दिव्याची एक, वायपरची एक. चार दिवसांत बोटांना पाठ होत आणि डोळे रस्त्याला मोकळे राहत.

आताच्या मोटारीत समोर काचेची पाटी असते. दिसायला देखणी, पण तिला उंचसखल काही नाही आणि बोटांना काही डोळे नसतात. स्वीडनच्या 'वी बिलॅगारे' मासिकाने २०२२ साली ताशी ११० किलोमीटर वेगाने चारच साधी कामे करून पाहिली. २००५ सालच्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत उरकली. एका नव्याकोऱ्या गाडीला जवळजवळ पंचेचाळीस लागले. तेवढ्यात ती सव्वा किलोमीटरच्याही पुढे गेली होती!

स्वीडनचे रस्ते सरळ असतील. आम्ही एका श्रावणात पुतण्याच्या नव्या गाडीतून आंबा घाट उतरत होतो. बाहेर पावसाची झोड, आत पाच माणसांचे श्वास; बघता बघता समोरची काच धुरकटली. तिच्यावर वारा सोडणारी सोय गाडीत होती, पण पाटीवरच्या तीन पडद्यांआड. पुतण्या एकेक पडदा उघडू लागला. वेग चाळीसचाच, पण तीन सेकंदांत तेहेतीस मीटर रस्ता सरतो आणि घाटात तेवढ्यात वळण येते. शेजारी बसलेल्या आमच्या आईने पदराचा बोळा केला आणि काच पुसून दिली.

"एवढी लाखांची गाडी, आणि साधं फडकं न्हाई व्हय रे?"

यावर उतारा म्हणून गाड्या आता बोलणे ऐकतात. टाटांनी २०२३ साली काही गाड्यांना मराठीही शिकवली. आनंद आहे! पण कोणती मराठी? आमच्या कोल्हापुरात बाईमाणूसही 'मी आलो' म्हणते, आणि 'काच तेवढी खाली घे की' मधल्या त्या 'की'त विनंती किती नि दटावणी किती, हे वर्गात समजावताना माझा तास संपतो.

युरोपात मोटारींना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने मात्र २०२६ पासून वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, वायपर, भोंगा आणि संकटातली हाक या पाच कामांना हाताला लागणारी कळ नसल्यास गुण कापायचे ठरवले. धुरकट काच त्या यादीत नाही. पुतण्याच्या गाडीत, दाराच्या कप्प्यात, हल्ली आईच्या जुन्या नऊवारीचा तुकडा असतो.