तिन्ही अँटोनायनस, तिन्ही पायस

रोमन सम्राट आणि त्याची बायको, अशा चांदीच्या नाण्यांच्या जोड्या जमवायच्या, एवढाच माझा साधा बेत. लंडनमधल्या एका विक्रेत्याने ट्रे पुढे सरकवला. ही दिनारियस नाणी आकाराने आपल्या चार आण्याएवढी, वजन तीनेक ग्रॅम. कडेने अक्षरं गोल फिरलेली, शब्दांत जागा नाही, यूच्या जागी व्ही.

तीन नाणी उचलली. तिन्हींवर ‘अँटोनायनस’, तिन्हींवर ‘पायस’. चेहरे मात्र तिघांचे! एक खरा अँटोनायनस पायस, राज्य इ.स. १३८ ते १६१. दुसरा कॅराकल्ला. बापाने, म्हणजे सेप्टिमियस सेव्हेरसने, गादी बळकावून स्वतःला मार्कस ऑरेलियसचा मुलगा जाहीर केलं आणि पोराचं नावही त्या घराण्याला शोभेलसं बदललं. ‘कॅराकल्ला’ हे टोपणनाव. ते नाण्यावर सापडणारच नाही. तिसरा इलागाबालस, हा कॅराकल्लाचा मुलगा म्हणवून घेणारा. मी हताश.

मग बायकांकडे वळलो. तिथे दोन फॉस्टिना: अँटोनायनसची बायको आणि तिचीच मुलगी, मार्कस ऑरेलियसची बायको. ‘डिवा’, म्हणजे देवत्व पावलेली, असं मृत्यूनंतर दोघींच्याही नाण्यांवर येतं. विक्रेता म्हणाला, “नाव सोडा, केस बघा.” भिंगाखाली आईच्या वेण्या डोक्यावर गुंडाळून बांधलेल्या, मुलीचा अंबाडा मागे मानेकडे. सेव्हेरसची जुलिया डोम्ना तर लांबूनच ओळखू येते, टोपासारखे भरघोस लाटदार केस. राजांपेक्षा राण्या सोप्या, हे माझं मत तिथेच पक्कं झालं.

शेवटी घेतली ती प्लॉटिला, कॅराकल्लाची बायको. छाप्याला कोवळी मुलगी, काट्याला नवरा-बायको हातात हात घेऊन उभे आणि भोवती ‘कॉन्कॉर्डिया’, म्हणजे एकोपा. लग्न २०२ मध्ये झालं. नवरा तिचा मनापासून तिरस्कार करायचा, असं त्या काळचे इतिहासकार सांगतात. २०५ मध्ये तिच्या बापाचा खून झाला आणि तिला हद्दपारी. सासरा वारल्यावर नवऱ्याने तिला मारवलंच. टांकसाळीला काय, हुकूम आला की एकोपा पाडायचा. चांदीतही तीच तऱ्हा: सेव्हेरसच्या काळात नाण्यात ती जेमतेम निम्मी उरली होती.

जोडी पुरी करायला कॅराकल्लाही घेतला. दोघांना अल्बमच्या एकाच कप्प्यात ठेवायला माझी बायको तयार नाही, आणि मला त्यावर उत्तर सुचलेलं नाही.