कम्प्युटरशेजारची वही

दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला मी सकाळी लवकर आवरून बसतो. ११ तारखेला विक्रीच्या बिलांचं विवरण भरायची मुदत असते, २० तारखेला कराचा भरणा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून सांगलीच्या पेठेतून मला सगळ्यात जास्त फोन याच दोन दिवशी येतात. ‘कम्प्युटर बंद पडलाय, लगेच या.’ बहुतेक यंत्रं त्या दिवशी बिघडलेली नसतात. आठ-पंधरा दिवस कुरकुरत असतात, पण काम अडत नाही तोवर कुणी लक्ष देत नाही.

छोट्या दुकानांचे आणि ऑफिसांचे कम्प्युटर दुरुस्त करायला मी २५ वर्षांपूर्वी सुरुवात केली. फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘काल चालू होता ना? मग मधे काय काय झालं?’ उत्तरही बहुधा ठरलेलंच : ‘काही नाही झालं.’ समोरचा माणूस खोटं बोलत नसतो. ज्या गोष्टीचा कम्प्युटरशी संबंध आहे असं त्याला वाटत नाही, ती तो सांगत नाही, एवढंच. टेबल भिंतीकडे सरकवलं, वायरमन येऊन गेला, उंदरांचं औषध ठेवायला कॅबिनेट ओढलं, पुतण्याने सुट्टीत दोन तास गेम खेळला. यातलं प्रत्येक कारण मी कधी ना कधी बिघाडाच्या मुळाशी पाहिलेलं आहे.

एका हार्डवेअरच्या दुकानात रोज सकाळी सरकारी पोर्टल उघडत नसे. कनेक्शन सुरक्षित नाही, असा इशारा येई. माझ्याआधी आलेल्या कारागिराने व्हायरस समजून सगळं फॉरमॅट केलं होतं. त्यात तीन वर्षांची कोटेशनं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मी गेलो तेव्हा मालक घाईत होते, म्हणून हिशेब लिहिणाऱ्या ताईंजवळ बसलो आणि विचारलं, ‘ताई, दुकान बंद करताना काय काय करता?’ त्या एकेक सांगत गेल्या. शेवटी म्हणाल्या, ‘शेजारी शॉर्टसर्किट झालं ना, तेव्हापासून रात्री मेन स्विच पाडूनच जातो.’

उत्तर तिथेच मिळालं. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. कम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. पण भिंतीतून वीज येत असेल तर बंद कम्प्युटरलाही थोडी वीज मिळत राहते, आणि मेलेला सेल लक्षात येत नाही. मेन स्विच पडायला लागला आणि घड्याळ रोज रात्री कित्येक वर्षं मागे जायला लागलं. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. कम्प्युटरच्या लेखी ती तारीख अजून उगवलेलीच नव्हती, म्हणून तो दार उघडत नव्हता. पाच मिनिटांत सेल बदलला. गेलेली कोटेशनं मात्र परत आली नाहीत. फॉरमॅट हा माझ्या मते शेवटचा उपाय आहे. जो कारागीर विचारपूस न करता फॉरमॅटकडे वळतो, त्याला दुकानात घेऊ नये.

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं दुखणं दरवर्षी एप्रिलमध्ये सुरू होई. माउस मधेच थिजायचा, प्रिंटर अर्धवट छापून थांबायचा, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. मालक अण्णांनी दोन वर्षांत दोन माउस, एक कीबोर्ड आणि एक यूपीएस बदलला होता. मी मल्टिमीटर काढून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजला. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा, इथे ३८ भरला. मागच्या बोळात अर्थिंगचा खड्डा होता, त्यावर पोत्यांची थप्पी लागलेली. उन्हाळ्यात खड्ड्यातलं मीठ-कोळसा कोरडं पडलं की अर्थिंगचा जमिनीशी संबंध सुटतो. पावसाळा लागला की दुखणं आपोआप थांबायचं, आणि नव्या माउसचा गुण आला असं अण्णांना वाटायचं. थप्पी हलवली, खड्ड्यात चार घागरी पाणी ओतलं, पुन्हा मोजलं : दोनच्या आत. नंतर वायरमनला बोलावून खड्डा नीट भरून घेतला. दर आठवड्याला पाणी घालायचं काम हमालांपैकी एकाने आपणहून घेतलं.

त्याच यार्डात हळदीच्या हंगामात कॅबिनेट उघडलं की पंख्याची पाती पिवळी निघतात. इचलकरंजीला मागाच्या शेडला लागून ऑफिस असेल, तर पॉवर सप्लायच्या जाळीवर कापसाच्या तंतूंची गादी बसते, यंत्र आतून तापतं आणि दुपारी आपोआप बंद होतं. तिथे तीन महिन्यांतून एकदा ब्लोअर मारावाच लागतो. मारताना पंखा बोटाने किंवा पेन्सिलीने अडवून धरावा. वाऱ्याने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग जातं.

प्रिंटरची तक्रार सगळीकडे एकच : ‘ऑफलाइन दाखवतोय.’ वीज जाऊन आली की राउटर पुन्हा चालू होतो आणि सगळ्यांना नवे पत्ते वाटतो. काल प्रिंटरचा पत्ता २५ होता, आज ३१ झाला, आणि कम्प्युटर मात्र जुन्या दारावर थाप मारत बसतो. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता एकदा कायमचा राखून ठेवला की हे दुखणं संपतं. यूपीएसवर लेझर प्रिंटर जोडू नका, हेही इथेच सांगतो. गरम होताना तो इतकी वीज ओढतो की यूपीएस कोलमडतो आणि त्यावरचा कम्प्युटरही धाडकन बंद होतो.

या सगळ्या वर्षांत माझ्या हाती लागलेलं सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे दोनशे पानी वही. प्रत्येक गिऱ्हाइकाकडे मी ती कम्प्युटरशेजारी दोरीने बांधून ठेवायला लावतो. पहिल्या पानांवर यंत्र कधी घेतलं, वॉरंटी कुठवर, यूपीएसची बॅटरी कधी बदलली, प्रिंटरचा पत्ता कोणता, इंटरनेटवाल्याचा ग्राहक क्रमांक कोणता. पुढे तारीखवार नोंद : आज काय झालं, कोण येऊन गेलं, काय बदललं. बिघडलं तर पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा उतरवायचा किंवा मोबाइलवर फोटो काढून तारीख लिहायची. ‘काहीतरी इंग्रजीत आलं होतं’ यावरून मला काही करता येत नाही.

आमच्या पेठेला हे नवं वाटायला नको. इथे पिढ्यान्‌पिढ्या दिवाणजी रोजची कीर्द लिहीत आले, मग कीर्दीवरून खतावणी. चार आण्यांचा फरक आला तरी रात्री दिवा लावून शोधायचा. हिशेबासाठी टॅली आली तेव्हा बेरजा चुकायच्या थांबल्या, पण त्याबरोबर लिहून ठेवायची सवयही सुटली. माल, पैसा, उधारी सगळं कम्प्युटरमध्ये नोंदलं जातं, आणि त्या कम्प्युटरबद्दल मात्र कुठेच काही लिहिलेलं नसतं.

वहीत न लिहिण्याची गोष्ट म्हणजे पासवर्ड. ते कागदावर लिहून, पाकीट बंद करून तिजोरीत ठेवावेत आणि बदलले की पाकीटही बदलावं. ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, ही नोंद मात्र वहीत हवीच. नोंदणीच्या घाईत कुणीतरी आपला नंबर आणि आपला ईमेल देऊन टाकतो. मग नोकर काम सोडतो किंवा सल्लागार बदलतो, आणि २० तारखेला मालकाला स्वतःच्याच धंद्याच्या खात्यात शिरता येत नाही. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर आणि ईमेल नॉन-कोअर दुरुस्तीतून बदलता येतात. पण आधी आत शिरता यायला हवं, म्हणून हे निवांत असताना करायचं काम आहे. डिजिटल सहीच्या टोकनची मुदत कधी संपते, तेही वहीतच लिहावं.

पतसंस्थांमध्ये आणि गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये या वहीत आणखी एक ओळ लागते : मराठी कोणत्या फाँटमध्ये टाइप केलं आहे. जुनी इतिवृत्तं श्रीलिपी नाहीतर कृतीदेवमध्ये असतात. नव्या यंत्रावर तो फाँट नसला की पानभर अगम्य चिन्हं दिसतात आणि सगळे घाबरतात. मजकूर कुठेही गेलेला नसतो. फाँट टाकला की तो परत दिसतो, आणि परिवर्तकातून एकदा युनिकोडमध्ये आणला, जोडाक्षरं डोळ्यांखालून घातली, की पुढच्या यंत्रावरही वाचता येतो. एका संस्थेत मी पोहोचेपर्यंत लेखनिक बाईंनी ४० पानं पुन्हा टाइप केली होती. त्यांचे दुखरे हात पाहून मला फार वाईट वाटलं.

आता बॅकअप. ‘बॅकअप घेता का?’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. एका दुकानात तो रोज, न चुकता, ‘डी’ ड्राइव्हवर घेतला जात होता. ‘सी’ आणि ‘डी’ या एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात, घर पडलं की दोन्ही खोल्या पडतात. दुसऱ्या ठिकाणी पेन ड्राइव्ह बारा महिने यंत्रालाच खोचलेला होता. खंडणीखोर व्हायरस शिरला तेव्हा त्याने मूळ फायलींबरोबर पेन ड्राइव्हवरच्या फायलीही कुलूपबंद केल्या. तिसरीकडे सगळं नीट होतं, फक्त बॅकअप टॅलीतल्या गेल्या वर्षीच्या कंपनीचा निघत होता, चालू वर्षाचा नाही. हे कळलं ते आम्ही रिस्टोअर करून पाहिलं म्हणून. टॅलीत रिस्टोअर नेहमी वेगळ्या, रिकाम्या फोल्डरमध्ये करावं. चालू डेटाच्या जागीच केलं तर आजच्या नोंदींवर जुन्या नोंदी येऊन बसतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गणपती पेठेत माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं किराणा मालाचं घाऊक दुकान आहे. तिथे कम्प्युटर टेबलाखाली होता आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. पाणी उतरल्यावर दार उघडलं तेव्हा फुगलेल्या कडधान्याचा वास आणि गुडघाभर चिखल होता. मी पोहोचायच्या आत त्यांच्या भाच्याने खणातली डिस्क उन्हात वाळवून यंत्राला लावून पाहिली होती. तिच्यातून कर्रकर्र आवाज येत होता. बहुतेक हार्ड डिस्कच्या पत्र्यावर श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं, त्यातून गढूळ पाणी आत जातं. वाळलं की गाळ तबकड्यांवर चिकटतो, आणि फिरवली की सुई तबकडी ओरखडते. बुडालेली डिस्क कधीही चालू करू नये, वाळवूही नये. ओलसर असतानाच पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवावी. कम्प्युटरमधली डिस्क आम्ही तशी पाठवली, पण तीही वाचली नाही.

मग सुरू झाली जुळवाजुळव. मार्चअखेरचा डेटा त्यांच्या सीएंच्या ऑफिसात सापडला. एप्रिलपासूनची नोंदणीकृत गिऱ्हाइकांची बिलं विवरणांबरोबर पोर्टलवर चढली होती, ती उतरवून घेतली. बाकीची बिलं लोकांच्या व्हॉट्सॲपवरून परत मागवली. उधारी लोकांनी आपण होऊन सांगितली. जतच्या एका दुकानदाराने स्वतःच्या वहीचं पान फाडून पाठवलं, त्यावर तारीखवार सगळं लिहिलेलं होतं. दिवाळीपर्यंत हे काम चाललं. तरीही काही रक्कम कायमची बुडाली. ती किती, हे मालकांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर त्यांच्याकडे दोन डिस्क आल्या. एक दुकानात, एक मिरजेला मुलीकडे. दर शनिवारी त्यांची अदलाबदल होते, आणि वहीत सही करून तारीख घातली जाते. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून कोणतीही पाच बिलं ताडून पाहतात. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. या वेळी कम्प्युटर माडीवर नेत होते, पण गडबडीत जिन्यावरून पडून फुटला. पाणी उतरून दुकान धुऊन झालं त्या दिवशी मिरजेहून डिस्क आणली, एका जुन्या लॅपटॉपवर रिस्टोअर केलं, आणि दुपारी पहिलं बिल निघालं. शनिवारपर्यंतची सगळी उधारी जागेवर होती.

हे वाचणाऱ्या दुकानदारांना आणि ऑफिस सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे. या शनिवारी कुलूप लावायच्या आधी अर्धा तास काढा. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडा, पाच बिलं ताडून पाहा, आणि त्या दिवशीची तारीख घालून वहीचं पहिलं पान लिहा.