‘आजोबा, कुठं निघालात?’

हरवलेलं मूल ओळखू येतं. ते रडतं, घुटमळतं, आईला शोधत राहतं. डिमेन्शिया झालेले आजोबा हरवतात तेव्हा ठरल्या कामाला निघाल्यासारखे झपझप चालत असतात. कुणी विचारलंच, ‘आजोबा, कुठं निघालात?’ तर म्हणतात, ‘घरी’. विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि तो पुढे जातो. ते घर चाळीस वर्षांपूर्वी सुटलेलं असतं, हे त्याला कसं कळावं?

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर उपचार करता करता मी देशोदेशींच्या इशारा-यंत्रणांबद्दल वाचत आलो आहे. बातमी हजारो लोकांपर्यंत पोचवणं आता सोपं झालंय. समोरून चाललेला माणूस तोच, हे त्यांच्यापैकी एकाच्या तरी ध्यानात येणं अवघड.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यानं २००६ मध्ये ‘मॅटीज कॉल’ नावाचा इशारा सुरू केला. अटलांटातल्या मॅटी नावाच्या आजी घरातून निघून गेल्या आणि त्यांचा मृतदेह पुढे घराजवळच सापडला, त्यानंतरची ही व्यवस्था. इतर बऱ्याच राज्यांत तिला ‘सिल्व्हर अलर्ट’ म्हणतात. फ्लोरिडात २००८ पासून महामार्गावरच्या फलकांवर गाडीचा रंग, बनावट आणि नंबर झळकतो. गाडी घेऊन निघालेल्यांसाठी हे उत्तम. पायी निघालेल्याला मात्र नंबरप्लेट नसते. असा माणूस बरेचदा नाकासमोर चालत राहतो आणि झुडपात, नाल्यात अडकला की तिथंच थांबतो. हाका मारल्या तरी ओ देतोच असं नाही.

दक्षिण कोरियात जून २०२१ पासून त्या भागातल्या मोबाइलवर संदेश येतो: वय, उंची, वजन, अंगावरचे कपडे. उपयोग होतो, पण सारखे संदेश आले की लोक न वाचताच पुसून टाकतात. हा मनुष्यस्वभाव आपल्याला कोरियाकडून शिकायला नको.

मला सगळ्यात पटलं ते जपानमधलं ओमुता. क्यूशू बेटावरचं हे कोळशाच्या खाणीचं शहर; खाण १९९७ मध्ये बंद पडली आणि मागे म्हातारी माणसं उरली. जपानमध्ये टॅक्सीवाले, स्थानिक रेडिओ आणि पोलिस यांना जोडणारं शोधजाळं होक्काइदोतल्या कुशिरोत १९९४ मध्येच उभं राहिलं होतं. ओमुताच्या एका वस्तीनं २००४ मध्ये त्यापुढे जाऊन रंगीत तालीम सुरू केली. एक जण हरवलेल्या वृद्धाचं सोंग घेऊन रस्त्यानं हिंडतो. लोकांना निरोप जातो. त्यांनी त्याला नुसतं शोधायचं नसतं, जवळ जाऊन बोलायचं असतं. अनोळखी म्हाताऱ्या माणसाशी बोलायला माणूस बिचकतो. तो बिचकणं सोडेपर्यंत फोनवरच्या निरोपाला अर्थ नाही, हे त्या शहरानं ओळखलं. तरीही जपानमध्ये २०२३ साली डिमेन्शियाग्रस्त बेपत्तांच्या १९,०३९ नोंदी पोलिसांकडे झाल्या. तालमीनं माणसं घराबाहेर पडायची थांबत नाहीत.

कुटुंबानं डोळ्यांत तेल घालून पहारा द्यावा, हा उपाय सुचवणाऱ्यांनी जपानमधल्याच ओबू शहरातला खटला वाचावा. डिसेंबर २००७ मध्ये ९१ वर्षांचे एक गृहस्थ, ८५ वर्षांच्या पत्नीचा क्षणभर डोळा लागला तेवढ्यात बाहेर पडले आणि रेल्वेखाली गेले. रेल्वे कंपनीनं विलंबाची भरपाई म्हणून कुटुंबाकडे सुमारे ७२ लाख येन मागितले. खालच्या न्यायालयानं पत्नी आणि मुलाला जबाबदार धरलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये दोघांना त्यातून मोकळं केलं. सुनांना आणि लेकींना ‘तुमचं लक्ष कुठं होतं?’ असं विचारणारे नातेवाईक आपल्याकडेही असतातच. त्यांच्या निकालावर अपील नसतं.

भारतात साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्याच वर्षी सरकारी इशाऱ्याच्या चाचणीसाठी आपले मोबाइल एकाच वेळी किंचाळले होते, ते आठवत असेल. ती व्यवस्था आपत्तीसाठी आहे. आजोबांसाठी आपल्याकडे आहे ते व्हॉट्सअॅप. ते वेगवान आहे, पण त्याला विसर पडत नाही. ‘हरवले आहेत’ हा फोटो माणूस घरी आल्यावरही वर्षानुवर्षं फिरत राहतो, ‘सापडले’ हा निरोप कुणी पुढे ढकलत नाही. असा संदेश पाठवताना तारीख, वेळ आणि पोलिस ठाण्याचं नाव घालाच. आजाराचं नाव, घरचा पत्ता घालू नका. संदेश वाचणारे सगळेच सज्जन नसतात. आणि चोवीस तास थांबल्याशिवाय पोलिस मिसिंगची तक्रार घेत नाहीत, असं शेजारी सांगतील. असा नियम नाही. गल्लीत शोधायला एक जण, ११२ ला फोन करायला दुसरा, एकाच वेळी.

ब्रिटनमध्ये ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ नावाचा फॉर्म आहे. नॉर्मंडीच्या लढाईतले जॉर्ज हर्बर्ट डिमेन्शियात आपल्या लहानपणीच्या घराकडे निघायचे, त्यांच्या नावाचा. माणूस हरवण्याआधीच भरून ठेवायचा: जुने पत्ते, नोकरीची जागा, आवडती देवळं-बागा, रोजचा रस्ता. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांकडून मी तसा एक कागद मराठीत भरून घेतो. गिरणीत आयुष्य काढलेला माणूस पहाटे उठून पहिल्या पाळीला निघू शकतो. गिरणीच्या जागी आता मॉल आहे, हे त्याच्या पायांना ठाऊक नसतं. घरच्यांना जुने पत्ते आठवतात. अडतात ते एका साध्या प्रश्नावर: आज अंगात कोणता शर्ट होता? म्हणून सांगतो, रोज सकाळी आंघोळ झाली की मोबाइलवर त्यांचा एक फोटो काढून ठेवा. पायांपर्यंतचा, चपला दिसतील असा.